डंजनच्या दारावर यमकातली कोडी लावणं आता पुरे झालं (चर्चा धागा)

फासेफेक्या:

सरळच बोलतो. फॅन्टसी रोलप्लेइंग गेममध्ये (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायची तो प्रकार) डंजन म्हणजे धोक्याचं तळघर-भुयार आलं, त्यात दगडी दार आलं, दारावर कोरलेला चेहरा, आणि तो चेहरा डोळे उघडून यमकात बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. कारण पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत असतं. गोष्ट जोरात चाललेली असते, मागे भुतं लागलेली असतात, आणि अचानक सगळे टेबलाभोवती गप्प बसून छताकडे बघतात, एक जण मोबाईल काढतो, एक जण "वारा? वेळ? मृत्यू?" ही तीन उत्तरं आलटून पालटून फेकत राहतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, बिचारा "नाही... पण जवळ आहात" असं म्हणत वेळ काढतो.

दुसरं म्हणजे हे न्यायाचं नाही. माझ्या जादूगाराची, म्हणजे मी खेळतो त्या पात्राची, बुद्धी गेमच्या आकड्यात 18 आहे, म्हणजे भरपूर, माझी किती ते विचारू नका. लढाईत कुणी म्हणत नाही की तू स्वतः उठून तलवार फिरवून दाखव, मग तुझा योद्धा लढेल. मग कोड्याच्या वेळीच माझ्या डोक्याची परीक्षा का?

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं, यमकासाठी कोडंच बिघडतं. हे बघा, असली कोडी सगळीकडे सापडतील:

दिवसा मी दिसते, रात्री मी नसते,
पायाशी बसते, उन्हात हसते.

उत्तर सावली. आता "उन्हात हसते" चा सावलीशी काय संबंध? नसते ला जुळतं म्हणून हसते. बरं पार्टी, म्हणजे सगळ्यांच्या पात्रांची टोळी, तळघरात मशाली घेऊन उभी आहे, भिंतभर सावल्या नाचतायत आणि कोडं म्हणतंय रात्री मी नसते. प्लेअरने हाच मुद्दा काढून सावली हे उत्तर बाद केलं तर त्याची काय चूक?

मात्रामोजणी:

तुमचं उदाहरण वाईट आहे हे मान्य, पण त्यात दोष लिहिणाऱ्याचा आहे, यमकाचा नाही. दिसते-नसते-बसते-हसते हे कसलं यमक! मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ते-ते, तो-तो फुकटात जुळत जातं आणि लोकांना वाटतं आपण कवी झालो. ते जुळणं कानाला लागतसुद्धा नाही.

आणि त्याहून मोठा घोळ तुम्ही बघितलाच नाही. कोड्यातली वस्तू स्वतःच बोलते तेव्हा आपलं व्याकरण चुगली करतं. "मी दिसते" म्हटलं की उत्तर स्त्रीलिंगी, म्हणजे वारा, काळ, मृत्यू, आरसा सगळे एका फटक्यात बाहेर, अर्धं कोडं तिथेच सुटलं. यावर सोपा उपाय आहे, भूतकाळात लिहा आणि क्रियापद असं घ्या की ते कर्मामागे जाईल. मी भाकरी खाल्ली हे बाई पण म्हणते आणि पुरुष पण म्हणतो. हे घ्या, अभंगाच्या मापात, पहिले तीन तुकडे सहा सहा अक्षरांचे, चौथा चारचा, यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याला:

तलवार खाल्ली
ढाल चघळली
साखळी गिळली
दातांविना

उत्तर गंज. तो आहे पुल्लिंगी, पण खाल्ली-चघळली-गिळली ऐकून अर्धं टेबल बाईमाणसाच्या मागे लागतं, ती चेटकीण का, ती आग का. खोटं एक अक्षर नाही आणि दिशाभूल पुरेपूर. हे यमकाशिवाय करून दाखवा, म्हणजे करता येईल, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहणार नाही. टेबलावर कोडं कानाने ऐकतात, कागदावर नाही. चाल आणि यमक असलं की एकदा ऐकून पाठ होतं आणि मग ते लोक पुढच्या खोलीत चालता चालता सुद्धा तेच पुटपुटत असतात.

तळघरातला_डीएम:

गंज भारी आहे, पण माझ्या टेबलावर पहिलं उत्तर येईल "रस्ट मॉन्स्टर" 😄 तो प्राणी गेममध्ये खरंच आहे आणि लोखंडच फस्त करतो. आता काय करणार, नाही म्हणणार?

मात्रामोजणी:

हो म्हणणार आणि दार उघडणार. जे उत्तर चारही ओळींना लागू पडतं ते बरोबरच. वाटलं तर दातांविना वर बोट ठेवून एकदा हटकायचं, पण वाद घालत बसायचं नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरला दहाव्या शतकातलं हस्तलिखित आहे, त्यात नव्वदच्या वर कोडी आहेत आणि उत्तरं दिलेलीच नाहीत, विद्वान लोक आजही काहींवर भांडतात. डीएमच्या वहीतलं उत्तर म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही.

फासेफेक्या:

वा, उदाहरण तुम्हीच दिलंत. त्या एक्सेटरच्या कोड्यांत ओळीच्या शेवटी यमक नसतंच जवळपास, जुन्या इंग्रजीत सगळा खेळ अनुप्रासाचा, ओळीतल्या जोरकस शब्दांची सुरुवात सारख्या आवाजाने. म्हणजे हजार वर्षं टिकलेली कोडी यमकाशिवाय टिकली. आपल्याकडे यक्षप्रश्न घ्या, वनपर्वातले, तिथे पण साधे सरळ प्रश्न आणि साधी सरळ उत्तरं, यमक कुठे आहे? छंद आहे, पण जुळवाजुळव नाही.

दुसरी_पाळी:

यक्षप्रश्नांचं नाव निघालं म्हणून लिहिते. तो प्रसंग गेमच्या नजरेने वाचला तर वेगळंच दिसतं. चार भाऊ तळ्याकाठी मरून पडलेत, म्हणजे पणाला काय लागलंय ते आधीच समोर आहे. आणि युधिष्ठिर सगळी उत्तरं देतो तरी खरी परीक्षा तिथे होतच नाही, ती नंतर होते, यक्ष म्हणतो एकालाच उठवतो, कुणाला उठवू, आणि हा भीम-अर्जुन सोडून नकुलाचं नाव घेतो कारण माद्रीचाही एक मुलगा राहिला पाहिजे. प्रश्नोत्तरं म्हणजे तिथवर पोचायचा रस्ता फक्त.

आपल्या दारांवरच्या चेहऱ्यांना असलं काहीच नसतं. तो चेहरा कोण आहे, त्याला उत्तर कशाला हवंय, चुकलं तर त्याला आनंद होतो की वाईट वाटतं? एकदा हे ठरवलं की कोडं यमकात आहे की गद्यात हा प्रश्न आपोआप सुटतो. गर्विष्ठ भूत यमकात बोलेल, दमलेला पहारेकरी नाही बोलणार. माझ्या टेबलावर एक कोडं विचारणारी म्हातारी होती, तिची यमकं मुद्दाम चुकायची आणि जिथे यमक चुकलं तिथेच ती खोटं बोलत असायची. प्लेअर्सना हे कळलं तेव्हा जो आरडाओरडा झाला!

तळघरातला_डीएम:

म्हातारी ढापली आहे 🙏

पण मी धागाकर्त्याच्या बाजूचा. फक्त माझं कारण वेगळं आहे, दोष यमकाचा नाही, "एकच दार, एकच कोडं, एकच उत्तर" याचा. गेमवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरचा थ्री क्लू रूल बऱ्याच जणांना माहीत असेल, प्लेअर्सनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं त्याच्यासाठी किमान तीन धागे ठेवा, कारण एक त्यांना दिसत नाही, दुसऱ्याकडे ते दुर्लक्ष करतात, तिसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात. कोड्याला हे कोण लावतं? कुणीच नाही. आणि बुद्धी 18 वाल्या जादूगाराचा रोल घ्यायचा म्हटला, म्हणजे फासा टाकून ठरवायचं म्हटलं, तर फाशावरच्या आकड्यात त्याला वर मिळतात फक्त +4. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, 15 ठेवला तर वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा वर हवं, म्हणजे बरोबर अर्धी शक्यता, छापा-काटा. बरं आला रोल, मग काय करायचं, उत्तर सांगून टाकायचं? मग कोडं लिहिलंच कशाला?

मात्रामोजणी:

रोल आला तर उत्तर नाही, एक ओळ उलगडून द्यायची. "तुझ्या जादूगाराला आठवतं की चघळणं हे हळूहळू होतं, एका घासात नाही." म्हणजे कॅरेक्टरची बुद्धी पण वापरली गेली आणि सुटल्याचा आनंद प्लेअरकडेच राहिला. तुमचा 18 चा मुद्दा इथे निकालात निघतो.

फासेफेक्या:

निकालात नाही निघत, फार तर निम्मा निघतो. रोल नाही आला तर? आणि ज्याला शब्दखेळ आवडतच नाही, जो चार तास फक्त कुऱ्हाड चालवायला आलाय, त्याचं काय? तो त्या वेळात फासे एकावर एक रचत बसतो, हे मी नेहमी बघतो.

जुनी_खोड:

सगळे दार दार काय करताय. 1978 साली छापलेलं टूम्ब ऑफ हॉरर्स हे तयार डंजन घ्या, डंजन्स अँड ड्रॅगन्स बनवणाऱ्यांपैकी गॅरी गायगॅक्सचं, त्याआधी 1975 ला ओरिजिन्स या गेम-मेळाव्यात स्पर्धेसाठी खेळलं गेलेलं. जीवघेणं म्हणून बदनाम आहे, पण त्यात सुरुवातीच्याच बोळात फरशीवर यमकातला मजकूर आहे. तो कुठलंच दार अडवत नाही! वाचा नाहीतर सोडून द्या. आत पुढे काय काय वाढून ठेवलंय त्याचे इशारे त्यात लपलेत, जादूच्या धातूचं एक कडं अर्पण करा अशा अर्थाची ओळ आहे आणि बऱ्याच पुढे अंगठी टाकायची खाच येते. ज्याने ओळ लक्षात ठेवली त्याची ट्यूब तिथे पेटते. कुऱ्हाडवाला कुऱ्हाड चालवत राहतो, शब्दवाला शब्द चघळत राहतो, कुणाचं अडत नाही.

मला यमकाचा सगळ्यात आवडता उपयोग म्हणजे पुसलेला शिलालेख. असा:

तीन पुतळे, तिघांच्या हाती काठी,
ज्याची वाकडी, त्याच्याच जा ‥‥

शेवटचा शब्द कुणीतरी छिन्नीने उडवलाय. यमकावरून पाच सेकंदात टेबलावरून एकदम आवाज येतो "पाठी!" आणि सगळे वाकड्या काठीच्या पुतळ्यामागे धावतात. यमक नसतं तर तिथे काय वाटेल ते बसलं असतं. हे म्हटलं तर कोडं आहे, म्हटलं तर नाही, पण सोडवल्याचा माज मात्र पूर्ण मिळतो.

फासेफेक्या:

हे पटलं, म्हणजे हे वापरणार. पण मग धाग्याचं शीर्षक बरोबरच आहे ना, दारावर नको. फरशीवर लिहा, भिंतीवर लिहा, म्हातारीच्या तोंडी घाला.

मात्रामोजणी:

अहो पण दारावरचं सुद्धा चालतं, चुकल्यावर दार बंद राहू नये एवढंच. चुकीचं उत्तर दिलं तरी दार उघडावं, फक्त पलीकडे काहीतरी जागं झालेलं असावं. गंजाचंच घ्या, चुकलात तर चेहरा पुढच्या चार ओळी म्हणतो, दार उघडतं आणि ज्याने उत्तर दिलं त्याच्या चिलखतावर तांबूस डाग पडायला लागतात:

तेल दिसताच
मोडली ती भूक
झाली काय चूक
सांगा कोणी

दुसरी_पाळी:

"झाली काय चूक" ही भरतीची ओळ आहे हो. भूक ला चूक, बाकी काही नाही. धागाकर्त्याच्या "उन्हात हसते" ची सख्खी बहीण.

फासेफेक्या:

😂😂 मी काहीच बोलत नाहीये.

मात्रामोजणी:

भरती नाही, गंज विचारतोय की तेल लावून मला उपाशी का मारता. पण ठीक आहे, ऐकताना तसं वाटत असेल तर उडवा, पहिल्या चार ओळींवरच थांबा. तेलाची बाटली आधीच्या खोलीत ठेवा, ओळीत नको.

तळघरातला_डीएम:

हो, बाटली आधीच्या खोलीत, आणि एक अर्धा गंजलेला सांगाडा दाराशी, ज्याची तलवार म्यानातून निघत नाही. झाले ना तीन धागे, ओळी, बाटली, सांगाडा. पुढच्या सेशनला लावतो. रस्ट मॉन्स्टर म्हणणाऱ्याला मात्र मी खराच रस्ट मॉन्स्टर देणार आहे.