कारखान्यातलं जुनं इंजिन: चालतं ठेवायचं की बंद ठेवून जपायचं?

उद्यमबाग_फिटर
आपल्याकडे वर्कशॉप आवरलं की जुनी इंजिनं, लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात तो नमुना), ड्रॉइंगच्या गुंडाळ्या थेट भंगारात जातात. किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान बेळगावातच काढलं, १९१० साली कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला. इतकी जुनी परंपरा असलेल्या गावात जतनाचं काम कामगारांनीच हातात घ्यावं. मालकाने एक खोली आणि आठवड्याचे दोन तास द्यावेत. माझा आग्रह एवढाच, की इंजिन चालतं हवं. ६५० आरपीएमचं सहा हॉर्सपॉवरचं इंजिन नुसतं रंगवून गेटवर ठेवलं, तर आपल्या पावसात पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरतात. मग कोणीतरी घण मारतो आणि पिस्टन फुटतो.

टिळकवाडीकर
खोली, वेळ मान्य. चालवणं अमान्य. स्वातंत्र्यदिनाला पाच मिनिटं फटफट करून बंद करणं हे सगळ्यांत वाईट. इंजिन तापतच नाही, जळणातलं पाणी संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतं, तेल आंबतं आणि व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे) बेअरिंग खातं. शिवाय मूळ पार्ट झिजला की नवा बसवणार, मग जपलं काय? त्यापेक्षा हॉपर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी) आणि सिलिंडरभोवतीचं जॅकेट रिकामं करा, जळण फवारणाऱ्या इंजेक्टरच्या भोकातून थोडं तेल सोडा, फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर थांबवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा आत शिरत नाही. आणि कृपा करून सँडब्लास्ट (वाळूच्या फवाऱ्याने खरवडणं) नको. मूळ रंगाचा हातभर पट्टा तरी तसाच ठेवा.

उद्यमबाग_फिटर
पाच मिनिटांचं पटलं. पण उपाय बंद ठेवणं नाही, नीट चालवणं आहे. आधी डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) उचलून हाताने फिरवा, तेल बेअरिंगपर्यंत पोचू द्या. मग निम्म्या लोडवर, हॉपरचं पाणी कढत होईपर्यंत. इंजेक्टरच्या आवाजावरून नोझल ठीक आहे की नाही ते ओळखणारा माणूस चालत्या इंजिनाशेजारीच तयार होतो, साहेब.

साचा_आणि_माती
तुम्ही दोघं इंजिनावर अडलात, जातंय ते पॅटर्न! इंजिन दुसरीकडे मिळेल, पॅटर्न एकच असतो. नुसतं मोजमाप घेऊन भागत नाही. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मोठा करतात: बिडाला मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर जादा धरलेलं असतं, पोलादाला जवळपास दुप्पट, वर मशिनिंगची जादा जाडी. पॅटर्न कोणत्या धातूसाठी होता हे त्यावर लिहिलं नाही, तर कास्टिंग चुकणारच. कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारे साचे) आणि सुटे तुकडे आधी हरवतात, म्हणून प्रत्येकावर एकच नंबर रंगवा. जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून दूर ठेवा, वाळवी जमिनीतून आणि भिंतीकडून येते.

टिळकवाडीकर
यावर वाद नाही, पॅटर्न पहिले. ड्रॉइंगचंही सांगतो: अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या ड्रॉइंगच्या जुन्या प्रती) उजेडात उडतात, लॅमिनेशनच्या उष्णतेने खराब होतात. स्कॅन करताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, रोलरमधून कागद ताणला गेला तर कळतं. फिटरसाहेब, लोड देणार कशाने? पंप जोडणार असाल तर पट्ट्याला जाळी हवीच.

उद्यमबाग_फिटर
पंपच. जाळी आधी, हँडल मारणं नंतर. पण इंजिन चालणारच.