खरवडून तपासले, किडे दिसले नाहीत. तर लूत नाही असे समजावे का?

प्रश्न (खानापूर तालुका):
आमच्या मळ्यावरील गावठी कुत्र्याला पावसाळ्यापासून असह्य खाज सुटली असून कानांच्या कडा, पुढच्या पायांची कोपरे आणि पोटाखालचे केस जाऊन तेथे खपल्या धरल्या आहेत. दवाखान्यात पाठीवरील त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, किडे दिसले नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन दिले. थोडे दिवस आराम पडून खाज पुन्हा सुरू झाली. आता आईच्या हातांवरही खाजरे पुरळ उठले आहे. पुढे काय तपासावे?

उत्तर (बेळगाव, पशुवैद्यक):
आपल्या वर्णनावरून लुतीच्या, म्हणजे खरजेच्या, सारकॉप्टिस नावाच्या किड्याचाच दाट संशय येतो. हा किडा त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करून राहतो आणि संख्येने इतका थोडा असतो की चार-सहा जागा खरवडूनही अनेकदा हाती लागत नाही. त्यामुळे तो दिसला तर निदान पक्के होते, न दिसल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही. त्यातून नमुना पाठीचा, जिथे तो सहसा नसतोच! कानाची कड, कोपर आणि मागच्या पायाचा घोटा येथील, ओरबाडून रक्ताळलेली नसलेली जागा निवडून, तेलाचा थेंब लावून रुंद भाग खरवडावा. कानाची कड दुमडून चोळल्यावर मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागला तर संशय बळावतो.

लुतीचाच दुसरा किडा, डेमोडेक्स, केसांच्या मुळाशी राहतो. त्यासाठी त्वचा चिमटीत दाबून किंचित रक्त येईपर्यंत खोल खरवडावे लागते. त्याने सुरुवातीला खाज फारशी येत नाही आणि तो माणसांना होत नाही, म्हणून आईंचे पुरळ येथे महत्त्वाचे आहे. दिलेले इंजेक्शन स्टेरॉइडचे होते का, हे अवश्य विचारावे, कारण त्याने खाज दबते, डेमोडेक्स असल्यास तो वाढतो.

उत्तर (निपाणी):
आमच्याकडे जळके ऑइल चोपडण्याची जुनी खोड आहे, ती कृपया टाळावी. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जाते. मळ्यावर आणखी कुत्री असल्यास त्यांनाही एकाच वेळी औषध द्यावे लागेल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नमुना पुन्हा निरंक आला तर?

उत्तर (बेळगाव, पशुवैद्यक):
तरीही उपचार करून पाहणे हीच चाचणी समजावी. वजनानुसार फ्लुरालेनरसारखी किडे मारणारी गोळी देता येते. आयव्हरमेक्टिन हे किड्यांवरचे दुसरे औषध कोली जातीच्या कुत्र्यांत घातक ठरू शकते, म्हणून ते स्वतःहून देऊ नये. आईंनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवत नसल्याने, कुत्रा बरा झाला की असे पुरळ सहसा ओसरते. महिनाभर नीट उपचार करूनही खाज तशीच राहिली, तर अ‍ॅलर्जीचा विचार तेव्हा करावा.