पिकअपला एलईडी बल्ब घालण्याआधी अर्थची वायर तपासा (चर्चा)

केरीचा_पिकअपवाला:
दर गुरुवारी रात्री बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाट उतरतो, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार गाठायचा असतो. समोरून येणाऱ्यांचे ते पांढरे एलईडी डोळ्यांवर असे येतात की दोन-तीन सेकंद रस्त्याची कडाच दिसत नाही, आणि पावसात त्या कडेला काय असतं ते घाटात चालवणाऱ्याला सांगायला नको. म्हणून स्पष्ट लिहितो, एच-४ (दोन फिलामेंटचा हॅलोजन) बल्बच्या जुन्या हेडलाइटमध्ये एलईडी घालणं चूक आहे. एच-४ मध्ये एक फिलामेंट अप्परचं (लांबचा उजेड) आणि एक डिपरचं (खालचा, जवळचा उजेड) असतं, डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते, ती रिफ्लेक्टरच्या (हेडलाइटमधल्या आरशाच्या) खालच्या भागावर पडून वर उडणारा उजेड अडवते म्हणून डिपर रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटची जागा धरूनच बनवलेला असतो, एलईडीची चिप तिथून जराशी सरकली तरी उजेड सगळीकडे फाकतो.

माझाही उजेड मंद झाला होता, जो तो म्हणायचा एलईडी घाल. मी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर साडेअकरा! अर्थची वायर (करंट परत बॅटरीकडे नेणारी) बॉडीला बोल्टने बसते तिथे हिरवट पांढरा थर धरला होता, आपल्याकडे दमट हवेत हे होतंच. पॉलिश पेपरने घासलं, घट्ट केलं, वर ग्रीस लावलं, १३ च्या वर गेलं. नवीन बल्ब नाही, काही नाही. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड तीसेक टक्के कमी होतो, म्हणजे आम्ही बल्बला शिव्या देतो आणि दोष वायरिंगमध्ये असतो.

फोंड्याचा_ड्रायव्हर:
अजिबात पटलं नाही. मोले ते अनमोड रात्री चालवून बघ बाब, ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५) हॅलोजन कितीही १३ व्होल्टवर पेटला तरी जनावर आडवं आलं तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मी दोन वर्षं एलईडी वापरतोय, वायरिंगवर लोड कमी, होल्डर गरम होत नाही. लोक बल्ब कसाही फिरवून बसवतात, चिप डावी-उजवीकडे तोंड करून हव्यात, वर-खाली नाही. नीट बसवा आणि फोकस सेट करा, मग बोला.

मडगाव_मासळी:
दोघंही सोडा, १००/९० चे हॅलोजन घाला. मी तेच वापरतो, स्वस्तात काम होतं.

डिचोलीचा_वायरमन:
मासळीवाले दादा, रिले (स्विचच्या थोड्या करंटवर चालून बल्बचा मोठा करंट स्वतःतून नेणारा भाग) आहे का तुमच्या गाडीला? १०० वॅटचे दोन बल्ब म्हणजे सोळा-सतरा अँपिअर, कंपनीचं वायरिंग ६० च्या हिशेबाने, म्हणजे दहा अँपिअरचं. स्विचमधून सरळ करंट नेलात तर आधी होल्डर पिवळा पडेल, मग वितळेल. माझ्याकडे असे जळके होल्डर रोज येतात हो. रिले बसवून बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर ओढली तर ६०/५५ सुद्धा असा पेटतो की गिऱ्हाईक विचारतं बल्ब कुठला घातला.

आणि फॉल्ट शोधायचा तर सरळ बल्ब विकत आणू नका. एकच बाजू गेली तर डावा-उजवा बल्ब आपसात बदला, फॉल्ट बल्बबरोबर सरकला तर बल्ब गेला, त्याच बाजूला राहिला तर होल्डर नाहीतर अर्थ. दोन्ही बाजू एकदम गेल्या तर फ्यूज, रिले, स्विच. डिपर लावल्यावर अप्परही मिणमिणत असेल तर बहुतेक अर्थच सुटलेला. बल्ब सारखे उडत असतील तर चार्जिंग बघा, १५ व्होल्टच्या वर जात असेल तर बल्ब टिकणार नाही. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढ्याच जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, लागलंच तर स्पिरिटने पुसा. मागचं रबर कव्हर नीट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत वाफ धरते. एलईडीच्या मागे पंखा असल्यामुळे हे कव्हर बऱ्याच गाड्यांत नीट बसत नाही, फोंड्याच्या दादांनी हेपण बघावं.

केरीचा_पिकअपवाला:
हेच मला म्हणायचं होतं. फोंडेकर, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी कर, माल भरलेली असतानाच, रिकामी नको, भाजी भरली की मागची बाजू दबते आणि नाक वर येतं. डिपर लाव. वरची कड सरळ कापलेली दिसली पाहिजे, फक्त डावीकडे जरा चढलेली, आपण डाव्या बाजूने चालवतो म्हणून. उजवीकडे वर उजेड सांडत असेल तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मडगाव_मासळी:
रिले नाही माझ्या गाडीला. आत्ताच होल्डर काढून बघितला, एक पिन काळी झालीय. उद्या वायरमनकडे जातो.

फोंड्याचा_ड्रायव्हर:
भिंतीवर बघितलं. डावी बाजू ठीक आहे, उजवीकडे वर थोडा उजेड सांडतोय, खोटं कशाला बोलू. पण एलईडी काढणार नाही, बल्ब परत फिरवून बसवतो आणि फोकस खाली घेतो. रबर कव्हर मात्र खरंच नीट बसलेलं नव्हतं.

केरीचा_पिकअपवाला:
फोकस खाली घेतला तर तुलाच लांबचं कमी दिसेल, मग एलईडी घालून मिळवलं काय? गुरुवारी चोर्ल्याला ये, दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या करू, तू माझ्या सीटवर बस आणि तुझ्याच गाडीच्या डिपरकडे बघ.