चेंडू यष्टीला लागतो, तरी नाबाद कसा?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): पायचीतच्या निर्णयावर दाद मागितल्यावर पडद्यावर चेंडू यष्टीला घासून जाताना स्पष्ट दिसतो, तरीही ‘अंपायर्स कॉल’ म्हणून फलंदाज खेळत राहतो. काल चहाचा कप हातात तसाच ठेवून वडील यावरून माझ्याशी भांडले. हा न्याय कुठला?

उत्तर १: चेंडूचा मार्ग पॅडला लागेपर्यंतच प्रत्यक्ष टिपलेला असतो, त्यापुढचा केवळ गणिताने काढलेला अंदाज असतो. म्हणून चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीवर येत असेल, तर मैदानावरील पंचांचा निर्णय कायम राहतो. दाद मात्र वाया जात नाही.

उत्तर २ (मिरज): एकच चेंडू एका पंचाकडे बाद आणि दुसऱ्याकडे नाबाद ठरावा, हे मला अजूनही पटत नाही.

उत्तर ३: दोष नेहमी यंत्राचा नसतो. २०१९ च्या हेडिंग्ले (इंग्लंड) कसोटीत ऑस्ट्रेलियाने लेग यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या, म्हणजे पायचीत देताच न येणाऱ्या चेंडूवर इंग्लंडच्या लीचविरुद्ध शेवटची दाद उधळली. पुढच्याच षटकात ऑस्ट्रेलियाच्या लायनच्या चेंडूवर इंग्लंडचा स्टोक्स पायचीत असूनही पंचांनी नाबाद ठरवले, तेव्हा हाती काहीच उरले नव्हते आणि इंग्लंडने एका गड्याने सामना जिंकला.

प्रश्नकर्ता: वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणतात, आपल्या सांगलीत जन्मलेले जुन्या काळचे फलंदाज विजय हजारे पडद्याविनाच खेळले!