चेक बाउन्समध्ये आरोपी सुटला: अपील सेशन्सला की हायकोर्टात?

रबाळे_लेथ
बेलापूरच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात चेक न वटल्याची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, तक्रार होती. चेक ४ लाख ८० हजारांचा, हातउसने दिलेल्या रोख पैशांपोटी. ८ सप्टेंबर २०२५ ला आरोपी निर्दोष सुटला. निकालात कारणं दोन. एक, २० हजारांच्या वर रोख दिले म्हणजे इन्कम टॅक्सच्या २६९एसएसचा (मोठं कर्ज रोखीने घ्यायला मनाई) भंग, सबब हे कायदेशीर देणंच नाही. दोन, तक्रारदाराची एवढी ऐपत शाबीत झाली नाही. नकलेचा अर्ज १५ सप्टेंबरचा, नक्कल तयार २९ ला, हातात आली १० ऑक्टोबरला. आमचे वकील म्हणतात हायकोर्टात लिव्ह (अपिलाची परवानगी) मागावी लागेल, दुसरे म्हणतात सेशन्सला जा. कुठे जायचं, आणि दिवस किती उरलेत?

पाचपाखाडी_बार
सेशन्सला. तुमचे वकील सांगतात तो जुना रस्ता: तक्रारदाराने सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ३७८(४) खाली हायकोर्टाची विशेष परवानगी मागायची, ती मिळाली तर पुढे अपील. २०२५ मध्ये सेलेस्टियम फायनान्शियल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चेक न वटल्याने ज्याचं नुकसान झालं तो तक्रारदार हा 'पीडित'ही आहे. पीडिताला ३७२ च्या परंतुकाखाली थेट अपील करता येतं, परवानगी लागत नाही. आणि शिक्षा झाली असती तर आरोपी ज्या कोर्टात अपिलात गेला असता, त्याच कोर्टात हे अपील जातं. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली की आरोपी सेशन्सला जातो, म्हणून तुम्हीही तिथेच.

शीर्षकात दोन्ही कलमं लिहा: सीआरपीसी ३७२ परंतुक आणि बीएनएसएस (१ जुलै २०२४ पासूनची नवी संहिता) ४१३ परंतुक. १ जुलै २०२४ च्या आधीची तक्रार असेल तर कोणता कायदा लागू यावर उगाच एक तारीख जाते. मजकूर एकच आहे, कलम चुकलं म्हणून अपील फेकलं जात नाही, पण स्क्रुटिनीचा (दाखल करतानाच्या तपासणीचा) शेरा कशाला ओढवून घ्यायचा?

आणि रिव्हिजन (पुनरीक्षण अर्ज) टाकू नका. जिथे अपील आहे तिथे त्याच पक्षकाराला रिव्हिजन नाही. तक्रारदार गैरहजर म्हणून तक्रार निकाली निघाली (सीआरपीसीचं २५६) तरीही ती कायद्याने निर्दोष सुटकाच असते, तिथेही अपीलच. ही चूक ठाण्यात सर्रास दिसते.

नक्कल_शिक्का
मुदतीचं बघू. पीडिताच्या अपिलाला परंतुकात मुदतच लिहिलेली नाही, त्यामुळे वाद आहेत. त्या वादात न पडता ३० दिवस धरून चाला.

नकलेच्या मागच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज, तयार, दिली. मुदत कायद्याच्या कलम १२ ने पहिल्या दोनच कामाच्या. निकालाचा दिवस सोडून ३० दिवस म्हणजे ८ ऑक्टोबर. त्यात नकलेचे १५ ते २९ सप्टेंबर असे १५ दिवस मिळवा, म्हणजे २३ ऑक्टोबर. नक्कल तयार होऊन पडली होती ते पुढचे ११ दिवस तुमच्याच खात्यात. 'हातात १० तारखेला आली' हे कोर्ट ऐकत नाही.

२३ ला भाऊबीज आहे. कोर्ट बंद असेल तर कलम ४ प्रमाणे उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं मुदतीत धरतात, पण त्याच सकाळी फायलिंगला रांग लावायची वेळ आणू नका. आणि मुदतीत असलात तरी विलंब माफीचा अर्ज व प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

खारघर_सेक्टर
आधी कोर्ट बेलापूरचंच होतं ना ते नीट बघा. १३८ मध्ये हद्द तक्रारदाराच्या खात्याच्या शाखेवरून ठरते. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली पत्त्यात नवी मुंबई असली तरी जिल्हा रायगड, म्हणजे पनवेल कोर्ट.

पाचपाखाडी_बार
ते बरोबर, पण इथे तक्रार चालून निकाल लागलाय. आता हद्द उकरून काढणं आरोपीच्या फायद्याचं, आपल्या नाही.

मूळ मुद्द्यावर. पहिलं कारण आता टिकणार नाही. तुमच्या निकालानंतर सतराच दिवसांनी, २५ सप्टेंबर २०२५ ला, संजबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर (मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठातून गेलेलं प्रकरण) यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २६९एसएसचा भंग झाला म्हणून देणं बेकायदा ठरत नाही. केरळ हायकोर्टाचा उलटा निकाल त्यातच मोडीत निघाला. शिवाय २६९एसएस मोडल्याबद्दलचा २७१डीचा दंड रोख घेणाऱ्याला असतो. म्हणजे ज्याने पैसे घेतले तोच त्या कलमाची ढाल करत होता!

दुसऱ्या कारणावर मेहनत आहे. सुप्रीम कोर्टाचा टेढी सिंग निकाल (२०२२) सांगतो की तक्रारदाराने ऐपत आधी शाबीत करायची नसते. आरोपीने नोटिशीच्या उत्तरात किंवा उलटतपासात ती आव्हानात आणावी लागते. म्हणून आरोपीचं नोटिशीला उत्तर आणि तुमचा उलटतपास काढा. 'पैसे नव्हतेच' अशी थेट सूचना तिथे केलेली नसेल तर उलटतपासाचा तो परिच्छेद अपील मेमोत (अपिलाच्या अर्जात) शब्दशः उतरवा. केली असेल तर बँक उतारा किंवा विक्रीची बिलं रेकॉर्डवर होती का? नसतील तर आता आणणं कठीण. अजितसिंह राठोड (२०२४) मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अपिलात नवा पुरावा (सीआरपीसी ३९१, बीएनएसएस ४३२) तेव्हाच, जेव्हा काळजी घेऊनही तो आधी देता आला नाही. 'वकिलांनी लावला नाही' एवढ्यावर भागत नाही.

सीबीडी_दुसरा_मजला
सगळ्यात आधी डिमांड नोटीस (तक्रारीआधी आरोपीकडे पैसे मागणारी नोटीस) वाचा. सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या कावेरी प्लास्टिक्स निकालात चेक १ कोटीचा आणि नोटिशीत मागणी २ कोटींची. टायपिंगची चूक हा खुलासा चालला नाही, नोटीसच अवैध. इथे तसं असेल तर बाकी मुद्दे कितीही भक्कम असोत, आरोपीचा वकील पहिल्याच तारखेला ते काढेल. वाटेत थोडी रक्कम मिळाली असेल आणि नोटीस पूर्ण रकमेची असेल तरी तीच अडचण.

आणि त्याच कायद्याच्या १४८ खाली अपिलात जमा करायला लावतात त्या २० टक्क्यांची आशा ठेवू नका. ते शिक्षा झालेल्या आरोपीच्या अपिलात भरायला लावतात, तुमच्या नाही.

रबाळे_लेथ
नोटिशीत ४,८०,००० चेकची रक्कम म्हणून आहे आणि खाली वेगळ्या ओळीत १८ टक्के व्याज. वाटेत काही रक्कम मिळालेली नाही. उत्तर आलंच नव्हतं. उलटतपासात फक्त 'आयटी रिटर्नमध्ये दाखवलेत का' एवढंच विचारलंय. आरोपी साडेतीन लाखांवर मिटवू म्हणतोय.

सीबीडी_दुसरा_मजला
व्याज वेगळं दाखवलंय, चेकची रक्कम स्वच्छ लिहिलीय, मग चालतं.

तडजोडीचं: तारीच्याच निकालाने खर्चाचे दर उतरवले. सेशन्स किंवा हायकोर्टात मिटलं तर आरोपीने चेकच्या रकमेच्या ७.५ टक्के भरायचे, म्हणजे इथे ३६ हजार. आधी १५ टक्क्यांनी ७२ झाले असते. ते विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात, तुमच्या साडेतीन लाखांतून वळते करू देऊ नका. बोलणी चालू ठेवा, पण अपील आधी दाखल करा. ते दाखल नसेल तर साडेतीनचे दीड व्हायला वेळ लागत नाही.

पाचपाखाडी_बार
उलटतपास एवढाच असेल तर रिटर्नमध्ये नाही याने फार तर तुमचा टॅक्सचा प्रश्न निघतो, ऐपत नव्हती असं होत नाही. मेमोत हा मुद्दा क्रमांक एकवर घ्या, २६९एसएस दोनवर. आणि उलटतपासाच्या त्या पानाची साक्षांकित नक्कल जोडली आहे का ते बघा. बरेच जण फक्त निकालाचीच नक्कल काढतात.