चार मित्र, एक गाडी: चालत्या गाडीतले संवाद कसे शूट करायचे?

प्रश्न: कॉलेज संपताना शेवटच्या प्रवासाला निघालेल्या चार मित्रांवर फिल्म करतोय. पटकथेतली ३५ पानं गाडीतच घडतात. टेस्ट शूटमध्ये पुढच्या काचेवर आभाळ उमटतंय आणि संवाद इंजिनात बुडतायत. गाडी ट्रेलरवर चढवायचं बजेट नाही.

उत्तर १: लेन्सवर सर्क्युलर पोलरायझर (काचेवरची प्रतिबिंबं कमी करणारा फिल्टर) लावा. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तो हिशेब आधीच धरा. काच वक्र असल्याने प्रतिबिंब पूर्ण जाणार नाही. झाडांच्या सावलीचा रस्ता निवडलात तर बराच फरक पडेल. बाजूच्या टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेल्या) काचांवर मात्र पोलरायझरमुळे ठिपके दिसतात, तिथे काढून टाका.

उत्तर २: आवाजासाठी एसी आणि पंखा बंद, काचा वर. चौघांना वेगळे लेपल माइक (कपड्यांना लावायचे छोटे माइक), प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र. सीटबेल्ट माइकवर घासतो, म्हणून माइक बेल्टच्या विरुद्ध बाजूला लावा. त्याच वेगात, कोणीही न बोलता, मिनिटभर नुसता गाडीचा आवाज घ्या. एडिटिंगमध्ये कट झाकायला तोच लागतो.

उत्तर ३: मुळात ३५ पानं म्हणजे साधारण ३५ मिनिटं. फार झाली! नोकरी, घरचा दबाव, तुटलेलं प्रेम हे सगळं सीटवर बसूनच बोललं तर प्रवास कशाला? मोठं भांडण पंक्चर काढताना घडवा. रात्रीचे सीन उभ्या गाडीत होतात: बाहेरून दिवे सरकवा, एकाने बंपर हलकेच हलवायचा. मागच्या काचेत स्थिर झाड दिसलं की सोंग उघडं पडतं. आणि गाडी चालवणाऱ्या नटाला लांब संवाद देऊ नका, त्याची नजर रस्त्यावरच हवी.