मर्यादा सैल करण्याआधी यंत्राची अवस्था पाहावी

प्रोग्रॅमचा वेग तपासणारी चाचणी कोड न बदलताही कधी पास, कधी नापास होत असेल तर तिची वेळेची मर्यादा सरळ दुप्पट करावी, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. तसे केल्यास जलद यंत्रावर प्रोग्रॅमच्या वेगात खरोखर झालेली घसरणही निमूटपणे खपून जाते. प्रोग्रॅमची जुनी आणि नवी आवृत्ती एकाच यंत्रावर आलटून पालटून चालवून त्यांना लागलेल्या वेळांचे गुणोत्तर तपासावे, हे दुसरे म्हणणे मात्र पूर्ण मान्य आहे.

तरीही तेवढ्याने भागत नाही, असा माझा अनुभव आहे. रत्नागिरीच्या घरी चाचण्यांसाठीचा रास्पबेरी पाय ४ (एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक) मी माळ्यावर, कौलांखाली ठेवला होता, आणि मे महिन्यात शेजारीच आंब्यांची आढी घातलेली होती (तिची ऊब वेगळीच). पहाटे पास होणाऱ्या चाचण्या दुपारी नापास होत, कोडमध्ये मात्र काडीचाही बदल नसे. या बोर्डाचा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसच्या वर गेला की स्वतःच वेग कमी करतो, हे कळल्यावर त्याला पंखा बसवला. पण पावसाळ्यात उकाडा ओसरूनही त्रास थांबला नाही, तेव्हा नोंदी चाळल्यावर दिसले की स्वस्तातल्या चार्जरमुळे व्होल्टेज घसरत होते आणि त्यामुळेही वेगाला कात्री लागत होती. आता प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर तापमान, प्रोसेसरची वारंवारिता (म्हणजे त्याचा वेग) आणि कमी व्होल्टेजचा इशारा यांची नोंद होते, आणि यंत्राने मध्येच वेग कमी केला असेल तर ती फेरी पास किंवा नापास न ठरवता बाद करून पुन्हा घेतली जाते.